नालीवर नजर ठेवणारे सर

भोकरदनला आम्ही ज्या घरात चार वर्षं भाड्यानं राहिलो, त्या घराच्या मालकांना माझ्या स्वयंपाकाची जेवढी माहिती होती, तेवढी माझ्या नवऱ्यालासुद्धा नव्हती. आणि ती सगळी त्यांना कळायची नालीतून. आम्ही वर, ते खाली. आमच्या मोरीचा पाइप त्यांच्या ओट्यासमोरच्या उघड्या नालीत पडायचा. मालकांना सगळे सर म्हणत; ते सकाळी तिथंच खुर्ची टाकून बसत. हातात पेपर, पण डोळे नालीवर.

पांढुरकं पाणी आलं की खालून आवाज यायचा, "मॅडम, तिसऱ्यांदा तांदूळ धुवून राह्यल्या का? ब-एक जीवनसत्त्व चाललं वाहून!"

हिरवट पाणी आलं की संपलंच. "पालक उकडून पाणी फेकलं! फोलिक ॲसिड गेलं की वो नालीत! कामून पैसे देता भाजीवाल्याला?"

गल्लीतल्या बायका दारात येऊन ऐकायच्या. मला नऊची जीप धरायची असायची, माझी शाळा जाफराबादच्या बाजूला. पदर खोचून डबे भरतेय, पोरीची वेणी राहिलीय, आणि खाली हे ब-एकचा जमाखर्च ओरडतायत. एकदा रागाच्या भरात मी तांदळाचं धुवण बादलीत साठवलं आणि जाता जाता शेजारच्यांच्या तुळशीला घातलं. संध्याकाळी घरी येते तर सर दारात उभे. "आज नालीला पाणी कमी आलं," म्हणाले. काय करणार अशा माणसाचं!

सर म्हणजे हायस्कूलचे विज्ञानाचे शिक्षक, रिटायर झालेले. बायको होती, पण पुण्याला मुलाकडे. सोडून वगैरे गेली नव्हती, पण परतही येत नव्हती. दर आठवड्याला तिचा फोन यायचा आणि सर ओट्यावर बसून मोठमोठ्यानं बोलायचे, त्यामुळे आम्हालाही ऐकू यायचं. ती विचारायची जेवलात का, आणि हे सांगायचे जेवणात काय काय होतं, कशात काय होतं, ते किती वेळ शिजवलं आणि वर झाकण होतं की नव्हतं. फोन बहुतेक तिकडूनच कट व्हायचा.

खोली बघायला गेलो तेव्हाच मला शहाणपण यायला हवं होतं. लोक डिपॉझिट विचारतात, आधारकार्ड मागतात. यांनी विचारलं, "भाजी आधी धुता का आधी चिरता?" मी म्हटलं, चिरून धुते. त्यांनी कपाळावर हात मारला. मग अटी सांगितल्या. आधी धुवा, मंग चिरा. पातेल्यावर झाकण पाह्यजे. डाळीत सोडा बिलकुल चालणार न्हाई, ब-एक मरतं. लिंबू पिळायचं ते भाजी गॅसवरून उतरवल्यावर, उकळत्यात पिळलं की क गेलं. भाड्याचा आकडा सगळ्यात शेवटी सांगितला. आणि मग म्हणाले, "बरं, आता जीभ दाखवा."

"काय?"

"जीभ. बाहेर काढा. माणसाचं खाणं-पिणं सगळं जिभेवर लिहेल राहतं."

"मी खोली बघायला आलेय, जीभ दाखवायला नाही," मी म्हटलं. आमच्या ह्यांनी मात्र मुकाट्यानं दाखवली. खोली स्वस्त होती ना. "पास," सर म्हणाले. माझ्याकडं पाहून म्हणाले, "तुमची बाकी राह्यली." ही बाकी त्यांनी चार वर्षं लावून धरली. जिन्यात भेटले, नळावर भेटले, पोरीच्या वाढदिवसाला भेटले, की "मॅडम, जीभ?" मी ती कधी दाखवली नाही. माझंही एक आहे, एकदा नाही म्हटलं की नाही.

गावात त्यांचे विद्यार्थी पैशाला पासरी. स्टँडजवळच्या हॉटेलात सर गेले की वाढणारा हातातलं ताट ठेवून स्वयंपाकघरात पळायचा, म्हणे सोड्याचा डबा लपवायला. माझा जीपवाला त्यांचाच विद्यार्थी. तो मला रोज सरांच्या गोष्टी सांगायचा. वर्गात गैरहजर पोरांच्या नावापुढं सर गैरहजेरी मांडायचेच, पण ओठ फाटलेल्या, हिरड्या सुजलेल्या पोरांचीही वेगळी हजेरी असायची. हिरड्यांतून रक्त आलं की त्या पोराला मधल्या सुट्टीत मोसंबी. आमच्या जालन्याकडं मोसंबीला काय तोटा, पण सर ती स्वतः सोलून द्यायचे आणि पोरानं खाईपर्यंत समोर उभे राहायचे. "आम्ही मोसंबीसाठी मुद्दाम हिरड्या टोकरायचो मॅडम, पेन्सिलीनं," जीपवाला म्हणाला.

त्यांचं एक पेटंट वाक्य होतं. ते मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणेन. "अ, ड, ई, के ही तेलातली मंडळी. आली की शरीरात घर करून राहतात. ब न् क पाण्यातली. पाण्यातला पाहुणा मुक्कामाला थांबत न्हाई. आज आला, उद्या लघवीवाटे गेला. म्हणून रोज आणा, रोज खा." मग रोज काय आणायचं त्याची यादी. मटकीला मोड आणा, शेवग्याचा पाला खा, शेंगदाणे खा, पेरू खा, आवळा खा, नुसत्या ज्वारीवर राहू नका, सोबत डाळ घ्या, दूध-ताक घ्या. ऐकणारा पळून जाईपर्यंत यादी चालायची.

आता हे सगळं सहन करत मी राहिले असते आणि बदली झाल्यावर विसरूनही गेले असते. पण आत्याबाईंचं ते प्रकरण झालं.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमचे हे जालन्याला कारखान्यात, सुट्टीच्या दिवशी रविवारी यायचे. त्यामुळे घरात आम्ही तिघी. मी, आत्याबाई आणि पोरगी चिमी, पाच वर्षांची. आत्याबाई माळकरी. अंडं-मटण कधी शिवलं नाही. गावाकडं दोन म्हशी होत्या त्यांच्या, दूध-भाकर कुस्करून खाल्ल्याशिवाय झोप नाही अशी बाई. पण सहा वर्षांपूर्वी गावातल्या बायांसोबत काशीला गेल्या आणि दूध सोडून आल्या. आपल्याकडं रीतच आहे, काशीला गेलं की एक वस्तू सोडायची. लोक हुशार असतात, कारलं सोडतात, दोडकं सोडतात. ह्यांनी दूध सोडलं, आणि दुधाचं म्हणून जे जे असतं ते सगळं. दही नाही, ताक नाही, पुरणपोळीवर तूप नाही. "एवढं आवडीचं कामून सोडलं?" असं मी एकदा विचारलं होतं. "सोडायचं तर आवडीचंच सोडावं," म्हणाल्या. विषय संपला.

भोकरदनला आमच्या तिसऱ्या वर्षी त्यांचं बिघडायला लागलं. आधी पायाला मुंग्या. मग म्हणायला लागल्या, कापसावर चालल्यासारखं वाटतं. एकदा बाजारातून एकाच पायात चप्पल घालून आल्या, दुसरी कुठं गळाली ते त्यांना कळलंच नाही. मग विसरणं सुरू झालं. वरणात मीठ दोनदा टाकायच्या. गॅस चालू ठेवून बसायच्या. एकच गोष्ट तासात चारदा विचारायच्या, आणि मी चिडायचे. खरं सांगते, फार चिडायचे. दिवसभर चाळीस पोरांपुढं घसा फोडून घरी यायचं आणि तिथंही तेच, कितीदा सांगू आत्याबाई, कितीदा सांगू! दवाखान्यात नेलं तर सांगितलं, वय झालं, नसा अशक्त झाल्यात. टॉनिकची बाटली दिली.

मग एक दिवस आत्याबाई चिमीला बालवाडीतून आणायला गेल्या आणि एकट्याच परत आल्या. चिमी कुठंय म्हटलं तर माझ्याकडं बघत राहिल्या. "कोण चिमी?" म्हणाल्या नाहीत, पण नजर तशीच होती. मी धावत जिना उतरले तर खालून सर येत होते, चिमीचं बोट धरून. ती बाजारगल्लीच्या तोंडाशी एका दुकानाच्या पायरीवर बसलेली सापडली त्यांना. हातात पेरू. तो अर्थातच सरांनी दिलेला.

त्या रविवारी ह्यांनी ठरवलं. आईला गावाकडं मोठ्या भावाकडं ठेवू. म्हणाले, इथं तुझी शाळा, माझी नोकरी, पोरगी लहान, उद्या काही झालं तर? मोठ्या जाऊबाईंचा स्वभाव मला ठाऊक होता. तिथं आत्याबाईंना एक कोपरा मिळणार, एक ताट मिळणार, आणि वर्षाच्या आत त्या आम्हाला ओळखायच्या नाहीत. ह्यांनाही ते माहीत होतं. तरी पुढच्या महिन्यातली तारीख ठरली.

मी शेवटी कंटाळून, खरोखर कंटाळून, सरांकडं गेले. म्हटलं, इतकं सगळ्यांचं बघता, आत्याबाईंचं बघा. सर एका पायावर तयार. वर आले, आत्याबाईंसमोर बसले. "अक्का, जीभ दाखवा." त्यांनी शहाण्या पोरीसारखी दाखवली. सर बराच वेळ बघत राहिले. जीभ लालभडक होती आणि गुळगुळीत, तिच्यावर खरखरीतपणा म्हणून नाही. एवढे दिवस मी रोज आत्याबाईंसमोर बसून जेवत होते, मला कधी दिसली नव्हती.

"अक्का, काय सोडलं?" सरांनी विचारलं.

"दूध सोडलं गुरुजी. काशीला गेल्ते तवा."

सरांचे डोळे चमकले. "कधी गेल्त्या?"

"सहा वर्षं झाली," मी सांगितलं.

आणि ते डोळे विझले. "मंग ते कारण न्हाई," म्हणाले. "ब गटाचं काही असतं तर दोन-तीन महिन्यात दिसलं असतं. पाण्यातला पाहुणा मुक्कामाला थांबत न्हाई. सहा वर्षं कुठं दम धरणार? न्हाई, हे दुसरंच काही तरी आहे." आणि खाली निघून गेले. वाटलं, झालं, एवढ्या वर्षांत एकदा ह्या माणसाची गरज पडली आणि तेव्हाच यांचं विज्ञान हात वर करून उभं राहिलं.

दोन आठवडे गेले. मी आत्याबाईंची लुगडी घड्या करून पिशवीत भरायला लागले होते. त्या मला घड्या करू लागत होत्या, आणि कोण जाणार आहे ते त्यांना कळत नव्हतं. "कोन्हाचं लुगडं हे? चांगलं आहे," म्हणायच्या. शनिवारी अर्धी शाळा, मी दुपारी घरी. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. सर. घामानं भिजलेले, शर्टाची बटणं खालीवर लागलेली. सकाळच्या एसटीनं जालन्याला जाऊन आले होते. तिथं त्यांचा एक जुना विद्यार्थी मोठा डॉक्टर झालाय, त्याच्याकडं.

उंबऱ्यातच उभे राहिले. आत या म्हटलं तरी येईनात.

"मॅडम, मी चुकलो."

मला वाटलं भाड्याचं काही असेल.

"ब-बारा. पाण्यात विरघळतं, पण लिव्हरमधी साठतं. वर्षानुवर्षं पुरतं. अक्कांनी दूध सोडलं तरी साठा होता, तो हळूहळू संपत गेला न् आता तळ लागला. अंडं न्हाई, दूध न्हाई, मंग येणार कुठून? भाजीपाल्यात ते राहतच न्हाई. माझं वाक्य चूक आहे मॅडम. छत्तीस वर्षं मी पोरांना चूक शिकवलं."

"आणि दोन आठवडे?" मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "सर, मी तुमच्यापुढं हात जोडून आले होते. दोन आठवडे मी कपडे भरत होते त्यांचे!"

ते खालीवर लागलेली बटणं सोडून पुन्हा लावायला लागले. ह्या माणसाला मी पहिल्यांदाच असं बघत होते, आणि तेही मला सहन होईना. "बसा तरी," मी खेकसले. ते उंबऱ्यावरच बसले.

रविवारी हे आले ते आईला गावाकडं न्यायला. नेलं जालन्याला. रक्त तपासलं. ब-बारा इतकं कमी निघालं की लॅबमधला मुलगा म्हणाला, या बाई चालत आल्या का? डॉक्टरांनी सांगितलं, इंजेक्शनं द्या, वेळ बराच गेलाय, किती परत येईल ते बघू. सुरुवातीला एक दिवसाआड, मग आठवड्याला.

यावरही तमाशा झालाच. इंजेक्शनचं औषध लाल रंगाचं असतं. आत्याबाई हात देईनात. "हे लाल कशाचं? रगत आहे का कोन्हाचं? मी माळकरी बाई हाय." सर मदतीला आले आणि शांतपणे, अगदी वर्गात शिकवल्यासारखं समजावायला लागले की अक्का, हे मटणाचं न्हाई, हे मोठ्या टाक्यांमधी जंतू तयार करतात.

"जंतू टोचून राह्यले मला!" आत्याबाई उठूनच उभ्या राहिल्या.

मी सरांना अक्षरशः दंडाला धरून बाहेर काढलं. मग मीच सांगितलं, आत्याबाई, सुईनं दिलेलं तोंडात जात नाही, म्हणजे ते खाणं नाही, म्हणजे काशीचं मोडत नाही. त्यांनी थोडा विचार केला आणि हात पुढं केला.

इकडं सरांचं वेगळंच सुरू झालं. त्यांनी जुन्या विद्यार्थ्यांचे नंबर जमवायला घेतले. ओट्यावर बसून रोज दहा-पंधरा फोन. "मी सर बोलून राह्यलो. नववीला तुला जे सांगितल्तं त्यात एक दुरुस्ती आहे. लिहून घे." कोणी शेतात, कोणी बँकेत, कोणी मयतीला. जीपवाला मला म्हणाला, "मॅडम, मी सीटा भरून राह्यलो न् सर म्हणतेत लिव्हर लिहून घे. गाडी चालू आहे म्हणलं तर म्हणे बाजूला घे. घेतली बाजूला. सगळे सवारी बोंबलून राह्यले." एकानं विचारलं म्हणे, सर, आता परीक्षा आहे का? सर म्हणाले, "तुझी न्हाई. माझी." चिमीलाही त्यांनी ओट्यावर बसवून वाक्य पाठ करून घेतलं. "पाण्यातला पाहुणा मुक्कामाला थांबत नाही, ब-बारा सोडून." ती ते पाहुण्यांपुढं कवितेसारखं म्हणून दाखवायची.

तीन महिन्यांत आत्याबाई परत आल्या. आमच्याच घरात बसून परत आल्या, दुसरं काय म्हणू? मीठ एकदाच पडायला लागलं. गॅस आठवणीनं बंद व्हायला लागला. पायातला कापूस हळूहळू गेला, डावा तळवा तेवढा बधिर राहिला. आणि एका दुपारी शेंगा फोडता फोडता आपणहून बोलल्या.

"तुझी दोन पोटातच गेली ना. तिसऱ्यांदा दिवस राह्यले तवा मी काशीला म्हणलं, माझं आवडीचं घे, पर हे लेकरू ठिव."

"आणि मला सांगितलं नाही कधी?"

"सांगितल्यावर फळत न्हाई बाई."

मला रडूही आलं आणि संतापही आला. चिमीला त्या रस्त्यात विसरून आल्या तेव्हा मी काय काय बोलले होते त्यांना! आणि विसरायला झालं होतं ते त्या पोरीसाठीच. अहो, विज्ञान शिकवते मी सहावी-सातवीला. नवसानं गर्भ टिकत नाही हे मला कळतं. कळून काय करणार? त्यांचा डावा तळवा अजून बधिरच होता. मी शेंगा तशाच ठेवल्या आणि मोरीत जाऊन तोंड धुऊन आले. त्याच सुमारास माझा दुधाचा चहा सुटला. पित्त होतं, म्हणून घरात सांगितलं.

पुढच्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत माझी बदली झाली. टेम्पो दारात लागला. सामान चढलं. आत्याबाई स्वतःच्या पायांनी जिना उतरल्या, कठडा न धरता, आणि टेम्पोत पुढच्या सीटवर चिमीला मांडीवर घेऊन बसल्या. सर नालीजवळच्या खुर्चीवर होते. मी किल्ली द्यायला गेले. चार वर्षांच्या वैतागाचा शेवट गोड करावा म्हणून नमस्कारही केला.

किल्ली घेता घेता ते माझ्या तोंडाकडं बघायला लागले. माझे ओठ कोपऱ्यात चिरले होते. आठवडेच्या आठवडे झाले होते, मी व्हॅसलीन लावत होते.

"मॅडम, जीभ."

"सर, टेम्पो थांबलाय."

"बाकी आहे तुमची."

काय झालं कोण जाणे. भर रस्त्यात, टेम्पोवाला बघतोय, गल्लीतल्या बायका दारात आलेल्या, आणि मी, जिल्हा परिषदेच्या शाळेची शिक्षिका, त्या माणसापुढं जीभ काढून उभी राहिले.

त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. पास म्हणाले नाहीत. एकदा टेम्पोकडं पाहिलं, आत्याबाईंकडं. मग आवाज अगदी खाली आणून विचारलं, "काय सोडलं?"

मला खोटं बोलता आलं असतं. पित्ताचं तोंडावर तयारच होतं.

"दूध," मी म्हणाले.

"कधी?"

"वर्ष होत आलं."

सर खुर्चीतून उठले. चेहरा लालबुंद. "कोपरे फाटले, हे ब-दोन. न् ब-बाराचा साठा पाच वर्षांनी बोंबलंल, तवा तुम्हाला कोण सांगणार? त्या म्हाताऱ्या अडाणी, त्यांचं समजू शकतो. तुम्ही शिकलेल्या! पोरांना शिकवता!" तरातरा आत गेले आणि पेलाभर दूध घेऊन आले. माझ्यासमोर धरलं. "प्या. इथंच. माझ्यासमोर."

"नाही सर."

"प्या म्हणतो ना!"

"त्यांचा डावा पाय बरा व्हायचा राहिलाय अजून," मी म्हणाले.

ते पेला धरून तसेच उभे राहिले. इतकी वर्षं मी त्यांच्याकडं जशी बघत आले होते, तसेच ते माझ्याकडं बघत होते, कपाळावर हात मारायचा तेवढा बाकी. मी वळले आणि टेम्पोत चढले. टेम्पो हलला तशी त्यांना वाचा फुटली. पेला हातात घेऊन मागं दहा पावलं पळत आले, दूध सगळं मनगटावर सांडलं, आणि काहीतरी ओरडत राहिले. "गोळ्या" एवढंच मला नीट ऐकू आलं.

आत्याबाईंनी खिडकीतून मान बाहेर काढली. "काय म्हणून राह्यले गं गुरुजी?"

"काही नाही आत्याबाई," मी म्हणाले. "भाजी आधी धुवा, मग चिरा म्हणतायत."